डाव्या हातासाठी एक प्लगिन

कडबाकुट्टीत माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हा मी पुण्याहून चार दिवसांच्या सुट्टीवर डोणगावला आलो होतो. दादा मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन मेहकरच्या बाजारात गेला होता, आई देवळात होती. सकाळी विजेची लाइन आली तशी वहिनी म्हणाली की म्हशींचा चारा कापून घ्यायला हवा, परत लाइन जाईल. मी म्हटलं, मी टाकतो. कॉलेजात जाईपर्यंत हे काम माझंच होतं. मक्याचे ओले धांडे होते. एक धांडा आडवा अडकला, तो मी हातानं पुढं रेटला आणि रोलरनं धांड्याबरोबर हातही ओढला.

वहिनीनं धावत जाऊन खटका पाडला. मला आठवतं ते एवढंच की मशीनचा आवाज थांबला आणि शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यायला लागला. तिनं पदर फाडून माझा हात बांधला आणि रस्त्यावर उभं राहून येणारी पहिली ऑटो अडवली. मेहकरला नेलं, तिथून अकोल्याला. डॉक्टर म्हणाले, जोडण्यासारखं काही राहिलेलं नाही. अंगठा राहिला, करंगळी राहिली. करंगळीला स्पर्श कळत नव्हता.

मी रडलो नाही. आई रडली, दादा दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला, पुण्याहून माझा सहकारी फोन करून पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. मी सगळ्यांना सांगत होतो की ठीक आहे. खोटं सांगत नव्हतो. मला खरोखर काहीच वाटत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या घरी झालेली गोष्ट ऐकावी तसा मी आजूबाजूचं बोलणं ऐकत होतो. पट्टी सुटली तेव्हा दादानं तोंड फिरवलं. मी हाताकडं पाहिलं आणि खाटेवर पडून राहिलो.

मी प्रोग्राम लिहायचं काम करायचो. आमची कंपनी लहान होती, आणि त्या वेळी माझ्याकडं दूध संकलन केंद्रांसाठीचा एक प्रोग्राम होता. गावोगावच्या केंद्रांवर दूध येतं, त्याचं फॅट मोजलं जातं, त्याची नोंद ठेवायची, असं ते काम. कंपनी म्हणाली, गावीच राहून जमेल तेवढं कर.

मी ज्यात लिहायचो तो एडिटर जुन्या पद्धतीचा होता. काळा पडदा, वर पांढरी अक्षरं, बटणं नाहीत, माउसचं काम नाही. सगळं कळांवर. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जायच्या चारही कळा उजव्या हाताच्या बोटांखाली यायच्या. दहा वर्षं त्या कळांवर माझी बोटं बसलेली होती. मी त्या एडिटरमध्ये कधी काही जोडलं नव्हतं. ऑफिसातली बाकीची मंडळी मोठमोठे एडिटर वापरायची. अर्धा शब्द लिहिला की पुढचा त्यांना आपोआप मिळायचा. मी त्यांना हसायचो. प्रत्येक अक्षर मी स्वतः टाइप करतो याचा मला गर्व होता.

आता डाव्या हाताच्या एका बोटानं मी टाइप करायला बसलो. कंसासाठी एक कळ दाबून धरायची आणि दुसरी दाबायची, तर हात पुरायचा नाही. दहा ओळींना अर्धा दिवस गेला. फोनवर बोलून लिहून पाहिलं, पण फोनला माझं बोलणं कळेना. ‘फॅट’ म्हटलं की तो कधी ‘फाट’ लिहायचा, कधी ‘पाट’.

वहिनी हे दारातून बघत असायची. एक दिवस तिची पोरगी शाळेत गेल्यावर ती आत आली आणि म्हणाली, “भाऊजी, तुमी सांगा, मी दाबून पाह्यतो.”

“तुम्हाला नाही जमायचं, वहिनी.”

“काऊन नाही जमत? एबीसीडी येते ना मले. दुसरबीडले बारावीपर्यंत शिकली मी.”

ती खुर्चीत बसली आणि मी बाजूला खाटेवर. मी एकेक अक्षर सांगायचो, ती कळ शोधायची. पहिल्या दिवशी आमच्या वीस ओळी झाल्या. “एकावर एक दोन टिंबं?” ती विचारायची. “खाली आडवी रेघ म्हणजे हे का?” आठवड्यात तिला कळा सापडायला लागल्या. पंधरा दिवसांत ती दोन्ही हातांची चार बोटं वापरायला लागली. मग एकेक अक्षर सांगायची गरज राहिली नाही, शब्द सांगितला की पुरायचं, कारण तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येत होते आणि तिला पाठ झाले होते.

एकदा मी सांगत होतो आणि ती थांबली.

“काय झालं?”

“तुमी गोल कंस उघडला, बंद नाही केला.”

मी पडद्याकडं पाहिलं. खरंच केला नव्हता.

त्यानंतर ती रोज काही ना काही पकडायची. इथं तुम्ही नाव वेगळं सांगितलं, वरती वेगळं होतं. इथं ही ओळ थोडी आत जायला पाहिजे, वरच्या सगळ्या तशा आहेत. तिला त्या ओळींचा अर्थ कळत नव्हता, पण पडदा कसा दिसायला हवा हे तिला कळायला लागलं होतं. आणि एक दिवस तर तिनं अर्थातलीच चूक काढली. मी सांगितलेलं टाइप करता करता ती म्हणाली, “हे फॅट अन् वरचं फॅट एकच होय का?”

“हो, एकच नाव आहे.”

“वरचं सकाळच्या दुधाचं सांगितलं ना तुमी? मंग संध्याकाळचं आलं का सकाळचं पुसून जाईन. आपल्या म्हशीचं दोन्ही टाइमचं सारखं येत नाही, भाऊजी. डेअरीवर मीच जातो ना घेऊन.”

तिचं बरोबर होतं. मी दोन वेगळी नावं करायला सांगितली, तिनं ती केली, आणि आम्ही पुढं गेलो. मी तिला शाबास म्हटलं नाही. आज वाटतं की तेव्हा म्हणायला हवं होतं. पण त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. चूक सापडली, दुरुस्त केली, एवढंच मनात आलं.

उलट एक गोष्ट मात्र मला खुपायची. पाणी हवं असलं की मागता यायचं, शर्टाची बटणं दुसऱ्यानं लावली तरी चालायचं, पण विचार मनात आल्याबरोबर तो तोंडानं बोलून दुसऱ्याच्या बोटांतून पडद्यावर जावा हे सहन व्हायचं नाही. म्हशींना पाणी दाखवायला किंवा पोळ्या टाकायला वहिनी उठली की मी रिकामा बसून असायचो.

पुण्याच्या सहकाऱ्यानं फोनवर उपाय सांगितला. “त्या तुझ्या जुन्या एडिटरला प्लगिन लाव ना. लँग्वेज सर्व्हर जोड. दोन अक्षरं टाकलीस की बाकीचं तो देईल.”

मी म्हटलं, “माझा लॅपटॉप जुना आहे. ओढणार नाही.”

“मोठा एडिटर नाही ओढणार. हा ओढेल. करून तर बघ.”

एडिटरला तुम्ही काय लिहिता याच्याशी देणंघेणं नसतं. प्रोग्राम लिहिला काय आणि बाजाराची यादी लिहिली काय, त्याला दोन्ही नुसती अक्षरं. प्लगिन म्हणजे एडिटरला लावायची छोटी जोड; ती बसवली की त्याच्यामागं एक वेगळाच प्रोग्राम चालू राहतो, आणि त्या प्रोग्रामला भाषा येत असते. तो तुमच्या सगळ्या फाइली वाचून ठेवतो. कोणतं नाव कुठं ठरवलं, कुठं वापरलं, कुठल्या नावापुढं काय येऊ शकतं, हे त्याला माहीत असतं. तुम्ही लिहायला लागलात की तो एडिटरच्या कानात सांगतो आणि एडिटर ते तुम्हाला दाखवतो. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. फक्त त्याची आपल्याला गरज पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

ते बसवायला मला चार दिवस लागले. घरात नेटला रेंज नव्हती, म्हणून लॅपटॉप आणि फोन घेऊन दुपारी गच्चीवर जायचो. वहिनी लॅपटॉप वर नेऊन द्यायची आणि विचारायची, “आज नाही लिहाचं का?” मी म्हणायचो, “आज दुसरं काम आहे.” प्लगिन उतरवून घेतलं तर ते म्हणालं, तुमचा एडिटरच जुना आहे. नवा एडिटर उतरवायला अख्खी दुपार गेली, त्यात दोनदा फोनचं नेट तुटलं. मग लँग्वेज सर्व्हर उतरवला. तो चालवायला आणखी एक प्रोग्राम लागायचा, तोही उतरवला. एडिटरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये पंधरा-वीस ओळी लिहायच्या होत्या, त्या मी डाव्या हाताच्या एका बोटानं लिहिल्या. वहिनीला बोलावलं नाही.

सगळं झालं आणि काहीच घडलं नाही. मी दोन अक्षरं टाकली, थांबलो, पडदा तसाच. चूक कुठं आहे हेही सर्व्हर सांगत नव्हता. चौथ्या दिवशी मी त्या सर्व्हरच्या नोंदींची फाइल उघडून शेवटापासून वाचत गेलो. एका ओळीत लिहिलं होतं की प्रकल्पाचं मूळ फोल्डर सापडलं नाही. म्हणजे सर्व्हर उभा होता, पण कुठून वाचायला सुरुवात करायची हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दूध केंद्राच्या फाइली ज्या फोल्डरमध्ये होत्या, तिथं मी खुणेची एक रिकामी फाइल ठेवली. एडिटर बंद करून पुन्हा उघडला. थोडा वेळ खाली एक आकडा फिरत राहिला. मग मी ‘फॅ’ एवढंच इंग्रजीतून टाइप केलं, आणि कर्सरच्या खाली एक छोटी चौकट उघडली. तिच्यात फॅटची सगळी नावं एकाखाली एक होती, सकाळचं, संध्याकाळचं, सरासरी. मी एक कळ दाबली. नाव पूर्ण लिहून आलं.

मग मी त्याच्याकडून एकेक गोष्ट करून घेतली. एक नाव बदललं तर अकरा फाइलींतलं त्यानं स्वतःहून बदललं. एका नावावर कर्सर ठेवून कळ दाबली तर ते जिथं पहिल्यांदा ठरवलं होतं तिथं घेऊन गेला. मुद्दाम कंस उघडा ठेवला, तर ओळीच्या कडेला लाल खूण आली. उन्हात पडदा नीट दिसत नव्हता, म्हणून मी डोक्यावर टॉवेल घेऊन बसलो होतो. आनंद झाला म्हणावं तर तसंही नाही. पण मी तिथं दोन तास बसलो आणि मधे कोणाला हाक मारली नाही.

त्या दिवशी जेवताना दादानं विचारलं, “काय बे, चार दिस झाले गच्चीवर काय करून राह्यला?”

मी त्याला सांगितलं. वहिनी वाढत होती. मी म्हटलं, “आता मी एकटा काम करू शकतो. अर्धा शब्द लिहिला की पुढचं तो सांगतो. कंस राहिला तर लगेच लाल खूण करतो. माझ्या आधी त्याला चूक दिसते.”

“मंग हिची सुट्टी झाली म्हना,” दादा वहिनीकडं बघून म्हणाला.

“हो, आता त्यांना त्रास नको,” मी म्हटलं.

वहिनी म्हणाली, “बरं झालं बापा.” तिनं माझ्या ताटात भाकरी ठेवली आणि चुलीकडं गेली. दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत गेल्यावर ती दारापर्यंत आली. मी डाव्या हातानं लिहीत होतो, पडद्यावर चौकट उघडत होती, बंद होत होती. ती थोडा वेळ उभी राहिली असावी. मी वळून पाहिलं तेव्हा दारात कोणी नव्हतं.

ती दुखावली हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नाही असं मी म्हणणार नाही. आपण काय बोललो, आणि महिनाभर कंस कोण बंद करत होतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण लक्षात येणं आणि वाटणं यांच्यात तेव्हा माझं काहीतरी तुटलेलं होतं. हात भाजला हे कातडी काळी पडलेली पाहून समजावं, तसं मला सगळं बाहेरून समजायचं. करंगळीचं तसंच व्हायचं. मी काम करत राहिलो. दूध केंद्राचा प्रोग्राम पूर्ण झाला, कंपनीनं दुसरं काम दिलं.

पुढं पावसाळ्यात आईकडून कळलं की वहिनी गावातल्या सेवा केंद्रावर कामाला जाते. दाखले, उतारे, अर्ज भरून द्यायचं ते केंद्र बसस्टँडजवळ होतं. तिथला ऑपरेटर सोडून गेला होता. आई म्हणाली, “थ्या केंद्रवाल्यानं इचारलं, टायपिंग येते का, तं ही म्हने येते. त्यानं बसवून पाह्यलं अन् लगेच ठेवली. तुले नाही सांगितलं का तिनं?”

नव्हतं सांगितलं. दोन आठवडे ती सकाळी अकराला घरातून निघत होती आणि पाचला येत होती, आणि मी त्याच घरात होतो.

दिवाळीनंतर मला दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज भरायचा होता. तो मी स्वतः लॅपटॉपवर भरू शकलो असतो. तसा प्रयत्नही केला, पण फोटो चढेना. मग केंद्रावर गेलो. चार-पाच माणसं बाकावर बसली होती. वहिनी काउंटरमागं होती, चष्मा लावलेला. तिला चष्मा लागला हेही मला माहीत नव्हतं. ती एका म्हाताऱ्या बाईचा अर्ज भरत होती आणि तिची बोटं न बघता चालत होती. दहाही बोटं.

माझा नंबर आल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं आणि सगळ्यांशी बोलायची त्याच आवाजात विचारलं, “कायचा अर्ज?”

मी सांगितलं. तिनं पान उघडलं. माझं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, हे तिनं विचारलं नाही, टाइप केलं. मग म्हणाली, “पुढचं तुमालेच सांगा लागते. जन्मापासून का अपघात?”

“अपघात.”

“कोनता हात?”

“उजवा.”

“किती बोटं?”

“तीन.”

पुढचा रकाना तारखेचा होता. मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला तारीख आठवत नाही. महिना सांगता आला असता, दिवस नाही. तिनं वाट पाहिली नाही. तिनं स्वतःच तारीख टाकली, दिवस, महिना, वर्ष, आणि पुढच्या रकान्यात गेली. बाकावरचा एक माणूस माझ्या हाताकडं बघत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी डाव्या हातानं पुसलं, तर पुन्हा आलं. वहिनीनं पडद्यावरची नजर काढली नाही. “फोटो लहान करा लागते, म्हनून चढत नसन,” ती म्हणाली आणि माझा फोन मागून घेतला.

त्या दिवशी मी पाच वाजेपर्यंत बसस्टँडवर चहा घेत थांबलो आणि तिच्याबरोबर घरी निघालो. सोयाबीन निघून गेलेली वावरं मोकळी पडली होती, कुठं कुठं हरभरा वर आला होता. मी म्हटलं, “वहिनी, मी त्या दिवशी जेवताना तसं बोलायला नको होतं.”

“कोन्या दिवशी?” तिनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, “हाव. थो.”

तिनं हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“मले राग नाही आला, भाऊजी,” ती म्हणाली. “तुमाले गरज नव्हती, मी उठली. पन वाईट वाटलं. दोन-तीन दिवस कायच्यात मन लागलं नाही. माह्यापेक्षा मशीन हुशार असन, थे खरं, पन एक शब्द तं बोलाचा होता. लग्न झाल्यापासून थेच एक काम मी असं केलं होतं का ज्याच्यात मले पुढचं समजत होतं.”

“त्या मशीनला सकाळ-संध्याकाळचं फॅट कळलं नसतं,” मी म्हटलं.

“नाहीच कळत. त्यानं कधी दूध काढलं?” ती म्हणाली, आणि हसली. मीही हसलो, पण मला ते जमलं नाही, आवाज नुसताच निघाला.

मी अजून पुण्याला परत गेलेलो नाही. कंपनीचं काम इथूनच करतो. एडिटरला नंतर आणखी दोन भाषांचे सर्व्हर जोडले, नवा लॅपटॉप घेतला, डाव्या हाताचा वेग आता पूर्वीच्या दोन हातांच्या जवळ आला आहे. वहिनी केंद्रावर जाते. तिनं तिथं एका मुलीला टायपिंग शिकवलं असं दादा सांगत होता. एखादं काम पूर्ण झालं की ते कंपनीला पाठवण्याआधी मी तिला दाखवतो. ती खुर्चीत बसते, चष्मा वर करते आणि सावकाश वाचत जाते. बऱ्याचदा ती म्हणते की ठीक आहे. कधी कधी म्हणते, “हे कोन वापरनार, भाऊजी? त्याले हे नाव समजन का?”

मग मी ते बदलतो.